मुलांची पोटगी, ताबा आणि भेटी: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहर आणि जिल्ह्यातून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत आया असतात, वडील असतात, कधी आजी-आजोबाही असतात. उत्तरं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दिली आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५ आता या संहितेत कलम १४४ झालं आहे. कोर्टात मात्र अजून बरेच जण 'एकशे पंचवीस'च म्हणतात, म्हणून दोन्ही आकडे लक्षात ठेवा.

मुलाची पोटगी ही मुलाची असते. नवरा-बायकोच्या भांडणात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा तिच्याशी संबंध नाही. खालचे निम्मे घोळ एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

१. मुलासाठी पोटगी कोणत्या कायद्याखाली मागायची? कोणी १२५ सांगतं, कोणी घरगुती हिंसाचाराचा कायदा, कोणी हिंदू विवाह कायदा.

सांगणारे सगळेच बरोबर आहेत, फक्त वाटा वेगळ्या आहेत. कलम १४४ सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे आणि ते फक्त निर्वाहापुरतं आहे. घटस्फोटाचा किंवा नांदण्याचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलाचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण या तिन्हींवर आदेश मागता येतो. दावा नसला तरी हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ चं कलम २० आहेच. ते आई आणि वडील दोघांवर जबाबदारी टाकतं. मारहाण, छळ, घरातून हाकलणं असं काही असेल तर घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली न्यायदंडाधिकारी मुलांचा खर्च (कलम २०) आणि तात्पुरता ताबा (कलम २१) दोन्ही देऊ शकतात.

एकाहून जास्त अर्ज करता येतात. पण प्रत्येक नव्या अर्जात आधीच्या अर्जाचा आणि आदेशाचा उल्लेख हवाच. नंतरचं कोर्ट आधीची रक्कम समायोजित करतं. ती लपवली असेल तर पुढे तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन होतं, कधी तडजोडही होते. पण पोटगीचा आदेश तिथून मिळत नाही. तिथल्या कागदावर 'दरमहा पाच हजार देईन' असं लिहून दिलं, तरी त्यावर वॉरंट निघत नाही. बोलणी चालू ठेवा आणि सोबत कोर्टातला अर्जही दाखल करा.

२. सासर पुण्याला, लग्नही तिथेच झालं. मी मुलाला घेऊन माहेरी नागपूरला आले आहे. केस पुण्यातच करावी लागेल का?

नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४५ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करता येतो. नागपूर शहरात राहत असाल तर सिव्हिल लाइन्समधल्या कौटुंबिक न्यायालयात करा. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक अशा भागात राहत असाल तर तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करा. राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, मुलाच्या इथल्या शाळेचा बोनाफाइड किंवा गॅसचं पुस्तक चालतं. आधार कार्डावर सासरचा पत्ता आहे म्हणून अर्ज अडत नाही.

ताब्याचा अर्ज मात्र मूल साधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात करावा लागतो. पोटगी आणि ताबा या दोन्हींच्या जागा वेगळ्या निघू शकतात.

३. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कोर्ट फी किती?

महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज आणि ओळखपत्र द्या. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. वडिलांकडे ताबा असेल आणि अर्ज मुलाच्या नावाने असेल, तर मूल म्हणून ही मदत त्यालाही लागू होते.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून लावता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते (कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४, कलम १३). प्रत्यक्षात परवानगी सहसा मिळते. स्वतः बाजू मांडायचीही मुभा आहे, आणि नीट तक्ता घेऊन आलेल्या आईचं म्हणणं न्यायाधीश शांतपणे ऐकतात.

४. अर्जासोबत कोणते कागद लावायचे?

मुलाचा जन्मदाखला, असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, व्हॅन किंवा ऑटोवाल्याची सही असलेली चिठ्ठी, शिकवणीच्या पावत्या, औषधांची बिलं, घरभाड्याचा पुरावा आणि स्वतःचं बँक पासबुक. दुसऱ्या बाजूच्या कमाईचं जे हाती असेल ते सगळं जोडा: जुनी पगारपत्रक, फॉर्म १६, दुकानाची पाटी दिसेल असा फोटो, गाडीचा क्रमांक.

यापलीकडे एक कागद सगळ्यांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र. ते दोन्ही बाजूंना भरावं लागतं आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. अर्ज जिथे रखडतो तिथे बहुतेक वेळा हेच शपथपत्र अर्धवट असतं. रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तर 'लागू नाही' असं लिहा. माहेरून मिळणारी मदत, शिवणकामाचे दोन-तीन हजार, तुमच्या नावची एफडी, सगळं त्यात आलं पाहिजे. लहानसं उत्पन्न लपवलेलं उलटतपासणीत निघालं तर सगळ्या अर्जाचं वजन जातं.

५. रक्कम कशी ठरते? पगाराच्या २५ टक्के असा नियम आहे ना?

असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. २५ टक्क्यांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात पत्नीच्या पोटगीसंदर्भात आला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. मुलासाठी कोर्ट दोन गोष्टी बघतं: मुलाचा खरा खर्च किती आणि दोन्ही पालकांची ऐपत किती. मूल आधी ज्या राहणीमानात होतं, त्याच्या जवळपास ते राहावं ही अपेक्षा असते.

म्हणून 'दरमहा पंधरा हजार मिळावेत' असा गोल आकडा लिहून भागत नाही. तक्ता द्या. सातवीतल्या एका मुलीचा समजा असा खर्च आहे. वर्षाला फी ३०,०००, पुस्तकं-गणवेश-बूट ८,०००, शिकवणी १२,०००, व्हॅन महिन्याला १,३०० प्रमाणे दहा महिन्यांचे १३,०००. एकूण ६३,०००, म्हणजे महिन्याला ५,२५०. यात महिन्याचा नेहमीचा खर्च मिळवा: जेवण-दूध ३,५००, कपडे ५००, औषधं ५००, विजेतला वाटा ५०० (उन्हाळ्यात कूलरमुळे बिल फुगतं, म्हणून वर्षभराची सरासरी घ्या). घरभाडं ९,००० असेल आणि घरात तिघं असतील तर तिचा वाटा ३,०००. हे झाले ८,०००. दोन्ही मिळून महिन्याला १३,२५०.

वडिलांच्या हातात ४५,००० येतात आणि आईच्या १५,०००, असं धरलं तर प्रमाण तीनास एक. वडिलांचा वाटा साधारण ९,९४० होतो. कोर्ट हेच गणित जसंच्या तसं स्वीकारेल असं नाही. पण समोर तक्ता असेल तर दुसऱ्या वकिलाला एकेका ओळीवर बोलावं लागतं, 'मागणी अवाजवी आहे' एवढ्यावर सुटता येत नाही.

हातात येणारा पगार काढताना आयकर, व्यवसाय कर अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. गाडीचा हप्ता, स्वतःहून वाढवलेली बचत, सोसायटीचं कर्ज दाखवून पगार आठ हजारांवर आणला तर कोर्ट ते सहसा मानत नाही. मुलाचं पोट हप्त्याच्या आधी येतं.

६. केस संपायला वर्षं लागतात म्हणे. तोवर फी कोण भरणार?

मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा, असं कायदा म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल इथे फार कामाचा आहे, आणि ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेलं होतं. २०१३ मध्ये इथे अंतरिम आदेश झाला. त्यात लहान मुलासाठी आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये दरमहा ठरले होते. आदेशाला आव्हान देण्यातच वर्षं गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: दोन्ही बाजूंची शपथपत्रं, उत्तरासाठी चार आठवडे, उत्तर देणाऱ्याला दोनपेक्षा जास्त संधी नाहीत, तरी टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार, अंतरिम निर्णय चार ते सहा महिन्यांत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. शपथपत्रात खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते.

पेशीमागून पेशी पुढे ढकलली जात असेल, तर याच निकालाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा. नुसत्या तोंडी विनंतीची नोंद रोजनाम्यात राहीलच असं नाही.

७. तो म्हणतो नोकरी गेली, उत्पन्न शून्य. पण गावाकडे संत्र्याची बाग आहे.

धडधाकट माणसाला 'मी काहीच कमावत नाही' म्हणून सुटता येत नाही. अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसावं लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. कोर्ट शिक्षण, वय आणि आधीचा पगार बघून उत्पन्नाचा अंदाज बांधतं.

बागेचं काम जरा चिकाटीचं आहे. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. डिजिटल सहीची प्रत काढा, तीच कोर्टात लावा. आठ-अ उताऱ्यावर त्या गावात त्याच्या नावची एकूण जमीन दिसते, आणि सातबाऱ्याच्या पीक नोंदीत संत्रा किती क्षेत्रावर आहे ते कळतं. जमीन सामाईक असेल तर त्याचा हिस्सा काढा. इथे नेहमी फसगत होते ती महिन्याच्या हिशोबात. काटोल-नरखेडकडे बाग बरेचदा झाडावरच व्यापाऱ्याला ठोक विकली जाते. आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बँकेचं चार महिन्यांचं विवरण मागवलं आणि ते नेमके कोरडे महिने निघाले, तर त्यात काहीच दिसणार नाही. म्हणून किमान तीन वर्षांचं विवरण मागा आणि वर्षाचं उत्पन्न बाराने भागून दाखवा.

नोकरदार असेल तर मालकाकडून पगारपत्रक मागवण्याचा अर्ज कोर्टातच करा. पोटगीच्या वादात सरकारी नोकराच्या पगाराची माहिती निव्वळ खासगी राहत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटलं होतं. पण माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत नंतर दुरुस्ती झाली. आता एकट्या त्या अर्जावर विसंबून राहू नका.

८. मी स्वतः कमावते. तरी मुलासाठी मागता येईल का? आणि मूल वडिलांकडे असेल तर?

येईल. आईची कमाई आहे म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. खर्च ऐपतीच्या प्रमाणात वाटला जातो (गणित प्रश्न ५ मध्ये आहे). मूल वडिलांकडे असेल आणि आईचं उत्पन्न चांगलं असेल, तर हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली वडीलही मुलाच्या वतीने आईकडून वाटा मागू शकतात.

घरी मूल सांभाळणाऱ्याचे तास मात्र कुठल्याच पावतीत येत नाहीत. अर्धवेळ नोकरी त्यासाठी धरली असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

९. तो नोटीसच घेत नाही, पेशीला येत नाही.

जाणूनबुजून टाळतोय अशी कोर्टाची खात्री पटली तर एकतर्फी आदेश होतो. योग्य कारण दाखवलं तर तीन महिन्यांच्या आत तो रद्द करून घेण्याचा अर्ज त्याला करता येतो. म्हणून पहिल्यापासून पत्ते पक्के द्या: राहण्याचा, कामाचा आणि गावचा, तिन्ही. नोटीस 'पत्ता अपूर्ण' शेऱ्यासह परत आली की दोन-तीन महिने गेलेच समजा.

१०. आदेश झाला, पण पैसे येत नाहीत. आता?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे. आदेशाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, ती घ्या. मग महिन्यानुसार तक्ता करा: देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी. तो वसुली अर्जाला जोडा. कलम १४४ च्या आदेशाची वसुली तो माणूस जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येते, म्हणजे तो पुण्यात असेल तर पुण्यात.

रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावाच लागतो. ही अट लोकांना फार महागात पडते. 'जरा साठू दे, एकदमच मागू' म्हणून दीड-दोन वर्षं थांबलं की जुन्या महिन्यांसाठी वॉरंटचा रस्ता बंद होतो. हक्क संपत नाही, पण वसुलीसाठी दिवाणी मार्ग धरावा लागतो. साधारण तीन-चार महिने थकले की अर्ज टाका. तो प्रलंबित असताना पुढचे महिने थकले तर तेही त्यातच जोडून मागा.

कोर्ट जप्तीचं वॉरंट काढू शकतं. तरीही रक्कम आली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही, ती तशीच उभी राहते.

नोकरदाराच्या बाबतीत पगारातून कपात हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे निर्वाहाच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांशपर्यंत भाग जप्त होऊ शकतो, साध्या कर्जासाठी इतका होत नाही. सरकारी खातं, रेल्वे, कोळसा कंपनी, महापालिका असं काही असेल तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याचं (पगार काढून देणाऱ्या अधिकाऱ्याचं) पदनाम आणि पत्ता अर्जात अचूक द्या. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत असेल, तर पगार कंत्राटदार देतो. कपातीचा आदेश त्याच्याच नावाने हवा. कारखान्याच्या नावाने पाठवला तर 'हा आमचा कामगार नाही' असं उत्तर येतं.

वरच्या कोर्टात आव्हान दिलं आहे, हे कारण चालत नाही. स्थगिती नसेल तर पैसे द्यावेच लागतात. आणि रोख घेऊ नका. घ्यावीच लागली तर 'अमुक महिन्याची पोटगी' असं लिहून दोघांच्या सह्या घ्या.

११. ती मुलाला भेटू देत नाही. मग मी पोटगी का द्यावी?

वडिलांची ही वेदना खरी आहे, आणि तिच्यावर कोर्टात इलाज आहे. पण पोटगी थांबवणं हा इलाज नाही. भेट बंद झाली म्हणून मुलाची फी थांबत नाही. आदेश असताना भेट नाकारली जात असेल तर त्याच कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज करा. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जा, न भेटल्याची नोंद ठेवा, संदेश जपून ठेवा. भेटीचा आदेश वारंवार मोडणाऱ्या पालकाविरुद्ध ताबा ठरवतानाही ती गोष्ट जाते.

आईंनाही हेच उलट बाजूने लागू आहे. पैसे थकले म्हणून भेट बंद करता येत नाही. भेट हा मुलाचाही हक्क आहे.

१२. ताबा कोणाला मिळतो? पाच वर्षांपर्यंत आईला, पुढे वडिलांना, असंच ना?

पहिला भाग जवळजवळ बरोबर आहे, दुसरा चूक. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं. पाच पूर्ण झाली की ताबा आपोआप वडिलांकडे जातो असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वोच्च, बाकी सगळे हक्क त्यानंतर.

हित म्हणजे कोर्ट काय बघतं? मूल रोज कोणाच्या हातून जेवतं, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, शाळेच्या पालकसभेला कोण जातं, भावंडं एकत्र राहतील का, सध्याची शाळा आणि सवंगडी टिकतील का, आणि हा पालक दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं जपेल का. शेवटचा मुद्दा लोक कमी लेखतात. शपथपत्रात समोरच्यावर दहा पानं चिखल आणि मुलाच्या दिनक्रमावर दोन ओळी, असा अर्ज कमकुवत ठरतो. मुलाचा डॉक्टर कोण, कोणत्या विषयात मागे पडतंय, कशाची ॲलर्जी आहे, हे ज्याला न बघता सांगता येतं त्याचं म्हणणं आपोआप ऐकलं जातं.

पैसा जास्त म्हणून ताबा मिळत नाही. कमाई कमी असेल तर ती उणीव पोटगीने भरून काढता येते.

१३. मुलाला कोर्टात उभं करून विचारतील का?

सहसा साक्षीदारासारखं उभं करत नाहीत. न्यायाधीश आपल्या दालनात एकट्याशी बोलतात किंवा विवाह समुपदेशक भेटून अहवाल देतात. समजून-उमजून मत सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर त्याच्या इच्छेचा विचार होतो (पालक आणि पाल्य कायदा १८९०, कलम १७). ठरावीक वय नाही, आणि इच्छा म्हणजे निकालही नाही. पढवून आणलेलं मूल लगेच ओळखू येतं: सात वर्षांचं पोर 'मानसिक छळ' असले शब्द वापरू लागतं. कृपा करून हे करू नका. त्या दिवशी 'तू कोणाला निवडलंस?' असंही विचारू नका.

१४. भेटीचा आदेश कसा लिहून घ्यावा, म्हणजे दर वेळी भांडण होणार नाही?

'सुट्यांमध्ये भेट' एवढं लिहिलं की भांडण ठरलेलंच. वार, वेळ, ठिकाण, आणायचं-पोचवायचं कोणी, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, व्हिडिओ कॉल कोणत्या दिवशी, हे सगळं लिहा. महिन्यातले दोन शनिवार आणि मोठ्या सुट्यांची निम्मी वाटणी, हा बराच चालणारा साचा आहे.

नागपूरसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हाळ्यानंतर बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वडील पुण्या-मुंबईकडे असतील तर त्यांच्या डोक्यातली सुटी वेगळी असते. म्हणून तारखा न लिहिता 'मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे' असं लिहा. आणि मे महिन्यात दुपारी बाराला एखाद्या बागेत भेट ठेवू नका. संध्याकाळची वेळ घ्या.

१५. मूल अठरा वर्षांचं झालं की पोटगी बंद?

कलम १४४ खाली साधारणपणे हो. अपवाद महत्त्वाचे आहेत. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला पुढेही पोटगी मिळते. अशा मुलाच्या कायदेशीर पालकत्वासाठी, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. अठरा पूर्ण व्हायच्या आधीच कागद जमवायला घ्या.

अविवाहित मुलगी सज्ञान झाली आणि स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली तिला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा फरक स्पष्ट केला: १२५ खाली नाही, या कायद्याखाली आहे. ती सज्ञान असल्याने अर्ज तिच्या स्वतःच्या नावाने करावा लागतो. आईच्या सहीने केलेला अर्ज इथेच अडतो.

धडधाकट मुलाचं इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा अठरानंतर चालू राहिला, तर त्याला इतका स्पष्ट आधार नाही. म्हणून तडजोड होत असेल तेव्हाच 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत फी' ही अट लिहून घ्या.

१६. संमतीने घटस्फोट घेताना 'मुलासाठी काही मागणार नाही' असं मी लिहून दिलं. आता काहीच करता येणार नाही?

करता येईल. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. मुलाच्या नावाने अर्ज करा, संमतीपत्राची प्रत सोबत जोडा आणि आता काय बदललं ते सांगा. एकरकमी मिळालेले पैसे मुलासाठी होते की तुमच्यासाठी, हा पहिला प्रश्न येईल. त्यामुळे संमतीपत्रात दोन्ही रकमा नेहमी वेगळ्या लिहा.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खात्यात पैसे भरण्याचा प्रस्ताव अनेकदा येतो. चांगला आहे, पण ते पैसे ती मोठी होईपर्यंत हाती येत नाहीत. पुढच्या महिन्याची फी त्यातून भरता येणार नाही, म्हणून दरमहाच्या रकमेऐवजी तो स्वीकारू नका.

१७. आमचं लग्नच झालं नव्हतं. किंवा: त्याचं आधीचं लग्न होतं, हे मला नंतर कळलं. मुलाला हक्क आहे का?

आहे. कलम १४४ मध्ये औरस-अनौरस असा भेद नाही. पितृत्व नाकारलं गेलं तर ते सिद्ध करावं लागतं: जन्मदाखल्यावरचं नाव, रुग्णालयातली सही, फोटो, संदेश, पैशांचे व्यवहार.

वैध लग्नात जन्मलेल्या मुलाबाबत नुसत्या संशयावरून डीएनए चाचणी मागणाऱ्या वडिलांसाठी: लग्न चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो (भारतीय साक्ष अधिनियम, कलम ११६). त्या काळात पती-पत्नीचा संपर्कच शक्य नव्हता, हे दाखवावं लागतं. चाचणी सरधोपट लावायची नाही, मुलाचा खासगीपणा आणि हित बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे.

१८. आम्ही मुस्लिम आहोत. मुलांना फक्त दोन वर्षांपर्यंतच खर्च मिळतो का?

नाही. ती दोन वर्षं घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यात घटस्फोटित आईच्या संदर्भात आहेत. मुलांचा कलम १२५ (आता १४४) खालचा स्वतंत्र हक्क त्याने कमी होत नाही, हे १९९७ मध्येच ठरलं. ख्रिस्ती, बौद्ध, आंतरधर्मीय विवाह सगळ्यांना कलम १४४ सारखंच खुलं आहे.

१९. मी फी थेट शाळेत भरली आणि सायकल घेऊन दिली. ते पोटगीतून वजा करू का?

आदेशात तशी सोय नसेल तर स्वतःहून वजा करू नका. वसुली अर्जात ती रक्कम थकबाकी म्हणून दिसेल. फी थेट भरायची असेल तर कोर्टाकडे अर्ज करून आदेशात तसा बदल करून घ्या. सायकल, वाढदिवसाचे कपडे, मोबाईल या भेटवस्तू आहेत, पोटगी नव्हे.

२०. आदेशाला चार वर्षं झाली, फी दुप्पट झाली. रक्कम वाढेल? आणि माझा पगार कमी झाला तर कमी होईल?

दोन्ही होऊ शकतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली. परिस्थिती बदलल्याचा पुरावा लागतो: जुन्या-नव्या फीच्या पावत्या, नोकरी गेल्याचं पत्र. पगार घटला असेल तर लगेच अर्ज करा. आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम देय असते आणि थकबाकी साठत जाते. दुसरं लग्न आणि दुसरं मूल हे कोर्ट विचारात घेतं, पण पहिल्याचा हक्क त्याने पुसला जात नाही. आईने पुन्हा लग्न केलं, तरी वडिलांवरची मुलाची जबाबदारी तशीच राहते. सावत्र वडील खऱ्या वडिलांची जागा घेत नाहीत. कायदेशीर दत्तक झालं तरच चित्र बदलतं.

२१. वडील वारले किंवा जमीन विकायला निघालेत. मुलाचं काय?

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २१ व २२ प्रमाणे मृताची मालमत्ता ज्यांच्याकडे गेली, त्यांना त्याच्या अज्ञान मुलांचा निर्वाह त्या मालमत्तेतून करावा लागतो. त्याआधी मूल स्वतः वारस आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतंच. मग फेरफारात (जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलात) त्याचं नाव लागणं हे पहिलं काम. तलाठ्याकडे नोटीस निघाली की ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. गावकीच्या बैठकीत मिळालेल्या शब्दावर थांबू नका.

जिवंतपणीच विक्री चालू असेल, तर पोटगीच्या प्रकरणातच दोन गोष्टी मागा: विक्रीला मनाई, आणि त्या मालमत्तेवर पोटगीचा बोजा. निर्वाहाचा हक्क माहीत असूनही कोणी जमीन घेतली, तर तो हक्क खरेदीदाराविरुद्धही बजावता येऊ शकतो. म्हणून व्यवहाराची कुणकुण लागताच खरेदीदाराला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. त्याला माहीत होतं, हे पुढे त्याच पावतीवरून सिद्ध होतं.